उजव्या खांद्यावरचा पदर

अंकुश मूळचा विक्रमगडकडच्या कुठल्या पाड्यावरचा, हे तात्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. त्याचं वय किती, गाण्यांचं चित्रण तो कुणाकडे शिकला, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. बोईसरला कारखान्यात पाळीवर जायचा, सरावलीला बायकोबरोबर खोलीत राहायचा आणि शुक्रवारच्या सुट्टीत हळदीच्या गाण्यांचे व्हिडिओ करायचा, एवढंच ते सांगू शकतील.

बोईसरकडच्याच माहीमला तात्यांची पानवेलीची वाडी. तिथे चित्रण करू द्या म्हणून तो आला, तेव्हा कुणी सांगायच्या आधीच त्याने चपला कुंपणाबाहेर काढल्या. पानवेलीत पायताण चालत नाही. तात्यांच्या बायकोला, मंदाबाईंना, तो तेवढ्यानेच आवडला. हळदीच्या दोन ओळी गायला त्या कबूल झाल्या.

अंकुश अख्खं गाणं आधी पुठ्ठ्यावर काढायचा. काड्यांची माणसं आणि कोण कुठे बघतो याचे बाण. मंदाबाईंचा बाण नवरी झालेल्या पोरीकडे होता. पण ऐन वेळी त्या तोंड फिरवून वेलींकडे बघत गायल्या.

"आजी, नवरी हिकडं हाय," अंकुश म्हणाला.

"माहीत आहे रे. तिच्याकडे पाहिलं की तुझा तो कॅमेऱ्याचा डबाच दिसतो."

तीनदा विनवूनही त्या वळल्या नाहीत.

पुढे दोन महिन्यांत मंदाबाई गेल्या. त्यानंतर गाणं यूट्यूबवर आलं. लेक जागृतीने फोन समोर धरला. तात्यांनी पाहिलं आणि फोन परत दिला. पदर उजव्या खांद्यावर, चमकीही उजव्या नाकपुडीत. ही मंदा नव्हे, एवढंच ते म्हणाले. तिचं हलतंबोलतं चित्र दुसरं नव्हतं.

त्यांनी अंकुशला बोलावून घेतलं. तो समजावू लागला, की सरळ ठेवलं असतं तर आजी नवरीकडे पाठ करून गाते असं दिसलं असतं, म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटवलं. नाहीतर गाणं तिथे तुटतं.

"तुटू दे," तात्या म्हणाले. "ती तशीच बसली होती."

अंकुशने फोनवर तेवढा तुकडा पुन्हा पाहिला. मग म्हणाला, मूळचं लॅपटॉपमध्ये हाय, सरळ करून आणतो.

गुरुवारी पाळीवरून परतताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं; तो जागीच गेला. जागृतीने सांगितलं तेव्हा तात्या जेवत होते. त्यांनी भात संपवला, हात धुतले आणि वाडीत पाणी सोडायला गेले.

लॅपटॉप उघडायचा पासवर्ड अंकुशच्या बायकोला, स्वातीला, माहीत नव्हता. दुरुस्तीच्या दुकानदाराने तो उघडून दिला, पण आतलं सगळं पुसलं गेलं.

एकदा जागृतीने गाणं लावून फोन कपाटाच्या आरशासमोर धरला. गाण्याच्या नावाची अक्षरं उलटी झाली, पण पदर डाव्या खांद्यावर आला. मंदाबाई दोन ओळी गायल्या. तात्यांनी पाहिलं, "बरं" म्हणाले. त्यांना रडू येईल असं जागृतीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, ना बायकोसाठी, ना त्या पोरासाठी.

अंकुशचा शेवटचा फोन बुधवारी आला होता.

"तात्या, शुक्रवारी घरीच हाय ना तुमी?"

"मी कुठे जाणार?"

"मंग येतो."

"दुपारचा ये. सकाळी पानं खुडायची असतात."

"बरं."