उरोशच्या फोटोखाली तिहोमिर

तिहोमिरने सर्बियातल्या झायेचार ते बोर रस्त्यावर हयातभर बस चालवली. बोलणं अगदी कमी. मी त्याच्याच बसचा कंडक्टर, त्यामुळे त्याच्या वाटणीचंही मीच बोलायचो.

त्याचा मुलगा उरोश बेलग्रेडच्या एका फुटबॉल क्लबात बचावपटू. खेळ चोख, पण इन्स्टाग्रामवर त्याला कुत्रं विचारत नव्हतं. त्याच संघातला दानिलो अर्धा हंगाम बाकावर बसलेला, तरी त्याचे फॉलोअर लाखांवर. उरोशचे पाच-सहा हजार, त्यातले निम्मे आमच्याच गावचे.

गावच्या काफानात, म्हणजे दारूच्या अड्ड्यावर, रादिशा न्हावी मुद्दाम मोबाइल पुढे करायचा. "हे बघ. दानिलोने नुसता कुत्रा धुतला, तरी केवढे लाइक! तुझ्या पोराने हमखास होणारा गोल वाचवला, त्याला कोणी विचारत नाही."

"कुत्रा स्वच्छ झाला का?" तिहोमिरने विचारलं आणि राकियाचा घोट घेतला.

पण लागलं असणार. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मला त्या इन्स्टाग्रामवर खातं काढून दे."

दिलं. तेव्हापासून उरोशच्या प्रत्येक फोटोखाली तो मनात येईल ते लिहू लागला. बर्फातल्या सरावाखाली: "टोपी कुठाय?" विजयाच्या जल्लोषाखाली: "त्यांचा गोल तुझ्यामुळे झाला. आईला फोन कर." काळा चष्मा लावून गाडीला टेकलेल्या फोटोखाली: "गाडी कोणाची?"

लोकांना भलतंच आवडलं. हिवाळा सरायच्या आत उरोशने दानिलोला मागे टाकलं. फोटो कोणी बघत नव्हतं, सगळे थेट खाली जायचे.

मग उरोशचा फोन आला. "बाबा, बास करा. समोरच्या संघाचे प्रेक्षक 'टोपी कुठाय' म्हणून ओरडतात."

"बरं," तिहोमिर म्हणाला, आणि थांबला.

लोक विचारू लागले, काका आजारी आहेत का? काहींनी तर श्रद्धांजलीही वाहिली. शेवटी घरच्या स्लावाच्या, म्हणजे कुलसंताच्या सणाला उरोश आला. जेवताना हळूच म्हणाला, "बाबा, लिहा पुन्हा."

"तूच नको म्हणालास."

"आता हो म्हणतोय."

"बघतो," म्हणत तिहोमिरने कोबीच्या पानातला सार्मा वाढून घेतला. "आधी तुझा खेळ प्रत्यक्ष बघू दे."

वसंतात आम्ही दोघं बेलग्रेडला गेलो. मैदानात शिरताच लोकांनी तिहोमिरला गराडा घातला. काका, एक फोटो! काका, मलाही ओरडा ना! सामना संपला तरी गर्दी हटेना. उरोश बाहेर येऊन बाजूला उभा राहिला. एका बाईने त्याच्याच हातात मोबाइल दिला. "भाऊ, आमचा काकांबरोबर काढता का?"

त्याने काढला. जरा जवळ सरका, असंही सांगितलं.

आम्हाला गावी सोडायला निघाल्यावर गाडीत उरोश म्हणाला, "शेवटी गोलरेषेवरून बॉल काढला, तो पाहिलात ना?"

"नाही रे. लोक सोडेनात."

उरोशने गिअर बदलला. मग तिहोमिरने विचारलं, "जिंकलं कोण?"

उरोशने गाडी कडेला घेतली, आणि अख्खा सामना पहिल्यापासून सांगितला.