आईच्या तोरड्यांची मोड

आईला कवळी हवी होती. वरची-खालची दोन्ही, आणि तीही स्वतःच्या पैशाने. भाऊ म्हणाला मी देतो, मी म्हटलं मी देते. आईचं एकच, "तुमच्या पैशाचे दात लावून तुम्हालेच कशी चावू?"

चांदीचा भाव चढल्याच्या बातम्या ती रोज ऐकत होती. एका सकाळी तिने पेटीतून आपल्या लग्नातल्या, पायात घालायच्या चांदीच्या तोरड्या काढल्या, जोडी चाळीस तोळ्यांची, आणि मला भंडाऱ्याहून मोहाडीला बोलावून घेतलं. खरं सांगते, माझा जीव त्या तोरड्यांत अडकला होता. मी एकुलती एक मुलगी. त्या आपल्यालाच मिळणार असं कधीपासून धरून चालले होते. म्हणून जुन्या वस्तू मोडू नयेत वगैरे शहाणपण मी तिला शिकवायला लागले. ती म्हणाली, "तू घालशील काय? ऑफिसात छमछम करत जाशील?" मी तोरड्या पिशवीत घातल्या.

दुकानात जाण्याआधी मी जरा चौकशी करून ठेवली होती. या धंद्यात आपण एकदा विकतो आणि दुकानदार चार वेळा कमावतो. जुनी वस्तू, म्हणजे मोड, घेताना आजच्यापेक्षा खालचा भाव. मग टंच बघायचा, म्हणजे शंभर भागांत खरी चांदी किती, पैसे तेवढ्याचेच. त्यावर वितळवताना जळेल म्हणून आणखी घट कापायची. तीच चांदी शुद्ध होऊन, पैंजण बनून काचेच्या कपाटात बसली की वर मजुरी लागते. दुकानातला केरसुद्धा वाया जात नाही; झारेकरी तो विकत नेतो आणि धुऊन त्यातले कण काढतो. आमच्या घरचा केर मी इतकी वर्षं फुकट काढते आहे.

दुकानदार पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याच्या गादीमागे वडिलांचा हार घातलेला फोटो आणि खाली वडिलांच्याच काळची पाटी: आमच्या छापाची चांदी पूर्ण भावाने परत घेऊ. बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. त्याने तोरड्या तोलल्या, मशीनमध्ये ठेवल्या आणि मान हलवली.

"मावशी, टंच साठच येऊन राहिला. बाकी तांबं आहे. साठचेच पैसे होतील."

मी पदर खोचून भांडायच्या तयारीत होते. पण आईने शांतपणे तोरडी उलटी केली आणि जोडाजवळ बोट ठेवलं. "हा छाप कोणाचा आहे, बापू?"

त्याने चष्मा लावला. छाप त्याच्या वडिलांचा होता. त्याने पाटीकडे पाहिलं, बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. पैसे कापले तर पाटी खोटी, आणि नाही कापले तर खिशाला चाट. त्याचे कान लाल झाले. "बाबा असं करतील वाटलं नव्हतं," असं पुटपुटत त्याने पूर्ण भावाने पैसे मोजून दिले. सोनाराने कान टोचावेत म्हणतात, इथे आईने सोनाराचेच टोचले होते. मला तिचा भारी अभिमान वाटला.

आम्ही बाहेर पडलो. बाजाराचा दिवस होता. मी दातांच्या डॉक्टरला फोन लावायच्या बेतात होते. आई कांद्यांच्या ढिगापाशी थांबली. "चाल, वापस जाऊ."

"काहून? काही राहिलं काय?"

ती उत्तर न देता वळली. दुकानात तीच माणसं अजून बसलेली होती. आईने पैशांची पुरचुंडी त्याच्यासमोर ठेवली.

"तुह्या बापानं फसवलं नाही, बापू. फसवलं माह्या बापानं. सासरच्यानं चाळीस तोळ्याच्या तोरड्या मागितल्या होत्या. बाप हातमागावर बसणारा, त्याच्यापाशी येवढे पैसे कुठले? तो तुह्या बापाले म्हणाला, वजन चाळीसचं भरू दे, चांदी माह्या पैशात येते तेवढीच टाक. त्यानं तसं केलं, पैसेही तेवढेच घेतले. कोणाले शंका येऊ नये म्हणून छाप मारून देला. मी तिथंच बसून होती. मघाशी मले दात पाहिजे होते, म्हणून तोंड बंद ठेवलं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझे वडील हे न कळताच गेले. आजीने तर सुनेच्या तोरड्या गल्लीभर मिरवल्या होत्या. आणि आई पन्नास वर्षं कुणापाशी एक शब्द बोलली नव्हती.

दुकानदाराने कॅल्क्युलेटर ओढला आणि शेवटच्या रुपयापर्यंत टंचाचे पैसे कापले. मला चीड आली. पण कापताना त्याचा चेहरा मघापेक्षा हलका दिसत होता, हेही खरं. आईने उरलेले पैसे न मोजता कमरेला खोचले. तेवढ्यात आता वरचीच कवळी बसणार होती, खालची नाही.

रस्त्यावर आल्यावर मी तिच्यावर घसरलेच. "पैसे परत करायचे होते तर बाजूला बोलावून द्यायचे. चार लोकांसमोर तुझ्या वडिलांचं, आपल्या आबाजींचं नाव कशाला काढलं?"

आई चालता चालता म्हणाली, "त्याचा बाप चोर झाला, तो चार लोकांसमोरच झाला होता ना."