अंगाला न लागू देता

माझ्या भावाचा नियम साधा होता. ठाणेदाराला मारायचं, पण त्याचा एकही मार आपल्या अंगाला लागू द्यायचा नाही. लागला तर खेळ तिथेच बंद. जिंकत आलेलो असलो तरी बंद.

ठाणेदार म्हणजे पोलिसातला नव्हे. आमच्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये तलवारीचा एक खेळ होता, त्याच्या शेवटच्या दारात उभा असलेला चिलखती राक्षस. हातात साखळीला बांधलेला लोखंडी गोळा, डोक्याला शिंगं आणि पोटावर रुंद पट्टा. त्या पट्ट्यावरून भावाने त्याचं नाव ठाणेदार ठेवलं. खेळाचं खरं नाव कॅसेटवरच्या कागदावर होतं, पण कॅसेट आमच्या हाती यायच्या आधीच तो निघून गेला होता.

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्या बाजूला. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा आम्ही भंडाऱ्यात राहिलो आणि आत्याचं सासर गोंदियात गेलं. त्यानंतरच्या भारनियमनाच्या वर्षांतली ही गोष्ट. दिवसातला निम्मा वेळ लाईन नसायची. बाबा शाळेत शिपाई होते, रंगीत टीव्ही घेणं अगदीच अशक्य नव्हतं, पण रंगीत टीव्ही बॅटरीवर चालत नाही. ब्लॅक अँड व्हाईट चालतो. म्हणून आमच्याकडे छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता आणि त्याच्या बाजूला ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी, जी बाबा सायकलच्या कॅरिअरवर बांधून चार्जिंगला नेत. हे सगळं कोणासाठी होतं ते सांगायला नको. घरातलं सगळंच त्याच्यासाठी होतं, आणि मला त्याचा रागही यायचा.

भावाला सिकलसेल होता. आमच्याकडे हा शब्द अंगठेबहाद्दर म्हातारीलाही येतो. रक्तातला रोग, थोडा आईकडून, थोडा बाबांकडून, दोघं धडधाकट आणि पोरगा असा. मला निम्मा आला, म्हणजे मला काहीच होत नाही. त्याला मात्र थंडी बाधायची, पळणं बाधायचं, तहान बाधायची. दुखणं उठलं की बोटं सुजायची, नडगी आतून कोणी पोखरावी तशी दुखायची आणि तो उशी तोंडात धरून पडायचा. साकोलीच्या डॉक्टरांनी आईला समजावलं होतं की पाणी भरपूर पाजा, थंडीत बाहेर काढू नका, आणि प्रत्येक दुखण्यात आत काहीतरी खराब होतं, ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

आई रडली. भाऊ मात्र परत येताना बसमध्ये मला म्हणाला, "मंग लागूच द्याचं नाही."

नियम तिथून आला. गावातल्या बाया म्हणायच्या, पोरगं किती शांत आहे. शांत कसला! दिवसभर त्याचे हिशेब चालू असायचे. सावली कुठे आहे, पायरी किती उंच आहे, कोण मागून येऊन धप्पा मारणार आहे. पाण्याची बाटली कायम मांडीशी. तलावात पोरं डुंबायची तेव्हा हा पाळीवर स्वेटर घालून बसायचा आणि कोण किती वेळ बुडी मारतं ते सांगायचा. ठाणेदाराशी तो अगदी तसाच लढायचा.

त्याची पद्धत मला अजून तोंडपाठ आहे. आत शिरल्याबरोबर मारायला धावायचं नाही. आधी नुसतं वाचायचं, त्याला जे जे येतं ते सगळं करू द्यायचं. गोळा फेकला की बसायचं, कारण गोळा डोक्याच्या उंचीवरून येतो आणि परत जातानाही त्याच उंचीवरून जातो. उडी मारली की मागे न पळता त्याच्याच दिशेने पुढे पळायचं, म्हणजे तो डोक्यावरून जातो. डावीकडच्या तुटक्या खांबाजवळ गोळा पोचत नाही, तिथे श्वास घ्यायचा. आणि वार एकच. समोर मोकळी पाठ दिसली तरी दुसरा वार करायचा नाही.

"आपल्या मानसाकडे पाहूच नोको," तो मला सांगायचा. "त्याच्या पायाकडे पाह्य. आपला मानूस कुठं हाये ते आपल्याले मालूम असते."

"दुसरा मारला असता तर मेला असता तो."

"आन धावून आला असता तर?"

हेच मोठं कोडं होतं. गोळा फेकायच्या आधी ठाणेदार हात मागे घ्यायचा, उडीच्या आधी गुडघे वाकवायचा. पण कधीकधी तो काही न करता, उभ्याचा उभा, एकदम अंगावर धावून यायचा. त्याला कसलीच सूचना नव्हती. आम्ही दोघांनी डोळे फाडून पाहिलं. करड्या पडद्यावर करडा ठाणेदार, आणि क्षणात तो आपल्यावर. भावाने ते मान्य करून टाकलं होतं. काही गोष्टी न सांगताच येतात, म्हणून कायम असं उभं राहायचं की जणू आत्ताच येणार आहे. एक वार, मागे. एक वार, मागे.

मी तापट. मला असं जमायचं नाही. मी धडाधड वार करायची, धावून आलेल्या ठाणेदाराखाली सापडायची आणि रिमोट आपटायची. मग तो महामार्गावरच्या पाटीसारखं म्हणायचा, "अति घाई संकटात नेई." मी त्याच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलायची आणि तसाच खाली घ्यायची. त्याला मारता येत नसे, भांडण पूर्ण करता येत नसे. बहिणीला भावाशी भांडता येऊ नये, याच्याइतकं जिव्हारी लागणारं दुसरं काही नाही.

बोटं सुजलेली असली की रिमोट माझ्याकडे आणि तो खाटेवरून सांगणार. "बस. ऊठ. मार. ये मांगं." लालच नोको करू, हे त्याचं कायमचं. त्या दिवसांत मी त्याचे हात होते आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे नाटकांच्या जत्रा, झाल्या, धानाची कापणी उरकत आली तेव्हा एका दुपारी त्याने ठाणेदाराला मारलं. स्वतःच्या हातांनी, एकही न लागता. मी शेजारी बसून बोटं मोडत होते. शेवटचा वार बसला तेव्हाही तो सवयीने मागे आला आणि खांबाजवळ जाऊन उभा राहिला. ठाणेदार कोसळला, दार उघडलं, मागे डोंगर आणि सूर्य, सगळं करडं. मी ओरडले. तो ओरडला नाही. त्याने बाटलीतलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"आता तुह्या हातानं. मी सांगणार नाही."

त्याच आठवड्यात आत्या आली. भावाचा चेहरा पाहताच तिने त्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "डोये तं हळदीवानी पिवळे झाले! तुमाले दिसून नाही राहिलं का?"

दिसत होतं. त्याचे डोळे नेहमीच थोडे पिवळट असायचे, तेव्हा जास्त होते. लघवी गर्द झाली होती. आई म्हणाली, रक्ताच्या रोगामुळे होतं असं डॉक्टर म्हणाले होते. आत्याने ते उडवून लावलं. रक्ताचा रोग तो वेगळा, ही कावीळ आहे, आणि काविळीवर दवाखान्यात औषध नसतं हे दुनियेला माहीत आहे. सानगडीच्या पुढे एका गावात माळ देतात. माळ डोक्यावर ठेवायची, ती आपोआप लांबत गळ्यात उतरते, मग छातीवर येते, आणि सोबत कावीळ उतरते.

बाबा भडकले. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव गावच्या तलावात सोडले होते. आमच्या घरी कोणी भगताकडे गेलं नव्हतं, कोणी नवस बोललं नव्हतं. शेजारणीने दिलेला अंगाऱ्याचा कागद बाबांनी तिच्यासमोर चुलीत टाकला होता. मला त्यांचा तो अभिमान फार आवडायचा.

"भगताच्या दारी माहा पोरगा जानार नाही," बाबा म्हणाले.

"भाऊ, तो भगत नोहे," आत्या म्हणाली. "तिथं देव नाही, धूप नाही, मंतर नाही. निवळ झाडपाला हाये. पैसा बी घेत नाही मानूस. डाक्टर जे गोळी देते ते बी झाडाचीच बनते नं?"

मूर्ती असती, लिंबू असतं, नारळ असता, तर बाबांनी आत्यालाही घराबाहेर काढलं असतं. पण झाडपाल्याशी आमचं काही वैर नव्हतं. अंधश्रद्धेसाठी आमच्या घराचं दार बंद होतं, म्हणून ती माळेतल्या काड्यांच्या रूपाने आली आणि बाबांनी तिला विज्ञान समजून आत घेतलं. मला आजही सगळ्यात जास्त राग याचाच येतो. आत्याचा नाही. आत्या रडत आली होती.

पथ्य एवढंच होतं की पहाटे जायचं आणि माळ मिळेपर्यंत उपाशी पोटी राहायचं. पाणीसुद्धा नाही.

भावाला कळत होतं. त्याने आईकडे पाहिलं. आई त्याचा स्वेटर शेकत बसली होती आणि तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी आशा होती. तो म्हणाला, "जाऊन येतो." मी म्हटलं, "दादा, पानी तं पी." तो हसला आणि बाटली माझ्या हातात दिली. बाबांनी शाळेतल्या एका मास्तरांची मोटारसायकल मागून आणली होती. भाऊ मागे बसला, कानाला मफलर, अंगावर घोंगडी. धानाच्या बांधीतलं धुकं रस्त्यावर आलं होतं. थोडं पुढे गेल्यावर फक्त आवाज ऐकू येत राहिला.

दुपारी परत आले तेव्हा माळ त्याच्या डोक्यावर होती, कसल्याशा वेलीच्या हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले. त्याचे ओठ फुटले होते. तो घटाघटा पाणी प्याला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी माळ गळ्यात आली. आई दारादारात सांगून आली. तिसऱ्या दिवशी ती छातीपर्यंत उतरली आणि त्याच्या छातीत दुखायला लागलं. आत्या म्हणाली, कावीळ उतरून राहिली, उतरताना दुखतेच.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, टीव्ही लाव. मी रिमोट घेतला. सांगणार नाही म्हणाला होता, तरी तो खाटेवरून सांगत होता, पण शब्द तुटत होते. मी ठाणेदाराला एक वार केला, पाठ मोकळी दिसली, दुसराही केला. तो धावून आला आणि मला लागलं. मी सवयीने टीव्ही बंद करायला उठले.

"राहू दे," भाऊ म्हणाला. "चालू राहू दे."

त्याने नियम मोडला होता. आणि मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. वाटलं, चला, माझ्यासाठी एकदा तरी सैल सोडलं याने. मी जोरात खेळले, दोनदा आणखी मार खाल्ला, ठाणेदाराला पाडलं आणि वळून पाहिलं, तर तो डोळे मिटून तोंडाने श्वास घेत होता.

साकोलीला नेलं, तिथून भंडाऱ्याला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी माळ कापली. आई ओरडली, अजून पुरी उतरली नाही. डॉक्टर म्हणाले, "छातीत भरलंय याच्या. इतके दिवस कुठे होता?" दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ गेला.

पुढे मला एका आयुर्वेदाच्या बाईंनी समजावलं, ओल्या काड्या वाळल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. कोणाच्याही गळ्यात लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते.

मी आता नागपूरला असते. परवा मोबाईलवर काहीतरी पाहता पाहता एकदम ठाणेदार समोर आला. तोच दरवाजा, तोच खांब. एक पोरगा हिंदीत शिकवत होता, बिना डॅमेज या बॉसला कसं हरवायचं. मोबाईलवरचा ठाणेदार निळा होता, पट्टा सोनेरी, मागे जांभळं आकाश. मला हे रंग माहीतच नव्हते. पोरगा म्हणाला, सगळ्यात सोपी गोष्ट, धावून यायच्या आधी तो लाल होतो. लाल दिसला की मागे या. आणि खरंच, ठाणेदार क्षणभर निखाऱ्यासारखा लाल झाला, मग धावला. दर वेळी लाल, दर वेळी मग धावला. लहान पोरालाही चुकवता आला असता.

मी फोन उपडा ठेवला आणि खूप रडले, ऑफिसच्या जेवणाच्या डब्यासमोर, सगळ्यांच्या देखत. माझ्या भावाने ते लाल कधी पाहिलं नाही. न सांगता येतं असं समजून तो आयुष्यभर तयारीत उभा राहिला, आणि ठाणेदाराला त्याने तसंच मारलं, एकही न लागता. तो टीव्ही करडा होता, त्यात लाल दिसायची सोयच नव्हती, तिथे दोष कोणाला देणार?

पण त्याच्या डोळ्यांतलं पिवळं आम्हा सगळ्यांना दिसलं होतं.