मिसरीचा कोपरा

बायको वारली. तिच्या साड्या वाटल्या, भांडी वाटली, टॅबलेट तेवढा नाय दिला. त्यात तिचा आवाज होता. एकदा चुकून तिच्याकडून रेकॉर्डिंग चालू झालं होतं, तेवढंच. फोटो ढीगभर आहेत, आवाज दुसरा कुठंच नाय. आणि टॅबलेट तर सुरूच होईना. कंपनीचं चित्र यायचं, विझायचं, परत यायचं.

औरंगपुऱ्यात दुकानं पालथी घातली. एकजण म्हणाला, ‘काका, याचा प्रोसेसर वेगळाच आहे, कुणी वापरत नाय आता. याला काय बसत नाय. फेकून द्या.’ मी म्हणलं, तुझं दुकान फेक. आणि घरी आलो.

लेक चितेगावच्या कंपनीत कॉम्प्युटरवर असते. ती म्हणाली, ‘बाबा, मोबाईलवर चालणारी लिनक्स नावाची सिस्टीम असते. ती मेमरी कार्डावर टाकून टॅबलेट त्या कार्डावरनं चालू करू. आतलं काय पुसायचं नाय, रेकॉर्डिंग बाहेर काढू. पण या प्रोसेसरला तयार मिळत नाय, जुळवावी लागंल.’

सुट्टीला पडेगावला माझ्याकडं यायची आणि जुळवत बसायची. कधी पडदा काळा, कधी चित्र आडवं. ‘आईचाच टॅबलेट,’ म्हणायची, ‘सरळ ऐकंल तर शपथ.’

एका दुपारी सुरू झाला. डब्याला टेकवून ठेवला आणि लेक चहा टाकायला उठली. मी हात मांडीवर ठेवून बसलेलो. तेवढ्यात पडद्याचा खालचा कोपरा आपोआप दाबला गेला. दोनदा. जरा थांबून एकदा. कॅमेरा उघडला. चित्र उलटं. मी डोकं खाली करून लटकलेला, आणि मागं तिची रिकामी खाट छताला चिकटल्यागत.

त्या कोपऱ्याची काच काळपट झालीय. बायको मिसरी लावायची आणि तेच बोट तिथं दाबायची. लेकीला फोन लावायचं बटन तिथंच होतं.

लेक म्हणाली, ‘काच खराब झालीय, बाकी काय नाय.’ पण हळू बोलली. ती रेकॉर्डिंग उघडायला गेली की मधीच कॅमेरा उघडायचा, खाट दिसायची. ‘तेवढा कोपरा बंद करावा लागंल, बाबा. त्याशिवाय आवाज निघायचा नाय.’

माझ्या जिवावर आलं. तिचं बोट बंद करायचं आन् आवाज घ्यायचा, हा कसला सौदा? तरी म्हणलं, कर.

कोपरा गप झाला. लेकीनं रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसता पंखा. मग ती.

‘आवं, हे बंद कसं करायचं? आवं! झोपले का काय?’

आणि काचेवर नख. दोनदा. जरा थांबून एकदा. मग काय नाय.

चहा तसाच निवला. लेकीनं आवाज माझ्या फोनमधी घालून दिला. मी म्हणलं, ‘आता कोपरा परत चालू कर.’

‘मग टॅबलेट वापरता यायचा नाय, बाबा.’

‘मला कुठं वापरायचाय?’

टॅबलेट आता तिच्या खाटेवर असतो. दुपारी मी आडवा झालो की तिकडं उजेड पडतो. मी उठत नाय. म्हणतो, जागा हाय मी.