कलावतीमावशीचा नाताळबाजार

'ख्रिसमस शॉपिंग' या धड्याचा प्रज्ञाला आता वीट आला होता. देणगीत आलेल्या इंग्रजीच्या पुस्तकात दुकान, गिऱ्हाईक आणि भाव विचारणं असलेला तेवढा एकच धडा. म्हणून दर हिवाळ्यात ती तोच शिकवायची. जयपूरजवळ सांगानेरच्या एका शाळेतला वर्ग रविवारी रिकामा असे. सीतापुऱ्याच्या एक्स्पोर्ट कारखान्यांतल्या बाया सुट्टीच्या दिवशी न्हाऊन, ओल्या केसांनी बस धरून तिथं येत.

पुस्तकात पहिल्याच पानावर नाताळ म्हणजे काय ते समजावलं होतं. चित्रासकट. जणू या बायांना ठाऊकच नाही. अरे, तुमचा नाताळ जातो यांच्याच हातून! जूनमधल्या लूच्या झळांत, पंखा गरम हवा फेकत असताना, लाल-हिरव्या छाप्याचे मेजपोश याच शिवतात, तपासतात, घड्या घालून खोक्यात भरतात. डिसेंबर उजाडतो तेव्हा यांच्या टेबलावर पुढच्या उन्हाळ्याचा माल आलेला असतो.

प्रज्ञा रेल्वेतल्या दशरथ गँगमनची मुलगी. बाप भुसावळहून बदलून जयपूरला आला आणि ती इथंच वाढली. इंग्रजी तिला कुणी शिकवलं नाही. स्टेशनवरच्या पाट्या, रद्दीतली वर्तमानपत्रं आणि साहेबलोकांशी केलेली भांडणं यांतून तिनं ते ओढून काढलं. कारखान्यात बायांना संडास हवा म्हणून फाटकाशी ठाण मांडलं ते हिनंच. तापट म्हणून नाव होतं. पण चाळिशी उलटल्यापासून राग यायचा आणि अर्ध्या वाटेतच मटकन बसायचा.

आजचा रविवार मात्र कलावतीमावशीचा होता. मावशी रेल्वे कॉलनीतली शेजारीण, माहेर-सासर दोन्ही मूर्तिजापूरकडचं. कारखान्यात चेकर. ट्यूबच्या उजेडात कपडा पसरायचा आणि दोष हुडकायचा, हेच तिनं जन्मभर केलं. आता तिला बारीक टाके दोन-दोन दिसायला लागले होते. बोटांनी चाचपून ती वेळ मारून नेत होती. सुपरवायझरला कळलं, की घरी बसायचं. अशात विमानतळाजवळच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात बाई हवी असल्याचं समजलं. तिथं डोळ्यांपेक्षा तोंडाचं काम. जागा एकच, आणि मालकीण कीर्ती मॅडम परीक्षा घ्यायला आज वर्गात येणार होत्या.

मावशी वर्गात प्रज्ञाला 'टीचर' म्हणे, शाळेच्या फाटकाबाहेर 'पोरी'.

"टीचर, मले विसरलं तर?"

"विसरायचं नाही, मावशी. मतलब, चार तर वाक्यं आहेत."

"चार माणसं सांभाळली, चार वाक्यं काय भारी," मागून मयूरी म्हणाली. मयूरी शिलाईवरची, तोंडाची फटकळ. बाया हसल्या.

कीर्ती मॅडम आल्या, खुर्ची ओढून गिऱ्हाईक बनल्या. मावशी टेबलामागे उभी राहिली. गुड मॉर्निंग झालं. मे आय हेल्प यू झालं. आईला नाताळची भेट हवी म्हटल्यावर मावशी न अडखळता म्हणाली, "आय शो यू टेबलक्लॉथ, मॅडम." प्रज्ञानं श्वास सोडला.

मग कीर्ती मॅडमनी पिशवीतून खराखुरा मेजपोश काढून मावशीपुढे ठेवला.

प्रज्ञानं आजवर चित्रं दाखवली होती. कपडा कधी दिला नव्हता.

मावशीचे हात आपोआप चालू झाले. तिनं मेजपोश झटकून पसरला, काठावरून अंगठा फिरवत नेला आणि कोपऱ्याशी थांबली. शिवण उसवली होती. मावशीनं मान वर केली आणि तिला सगळ्यात पक्कं येणारं इंग्रजी ठणठणीत आवाजात बोलली, "नो मॅडम. धिस पीस रिजेक्ट."

कीर्ती मॅडम उठल्याच. प्रज्ञाकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "मला माल विकणारी हवी, परत पाठवणारी नको."

प्रज्ञाच्या कानशिलात रक्त चढलं. फाटका माल तुमचा आणि तोंड आमचं बंद करता? शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात तिला मावशी दिसली. मावशी कोपरा डोळ्यांपाशी नेऊन निरखत होती. राग बसला.

"मॅडम, एकदा परत. त्या गडबडल्या," प्रज्ञा म्हणाली, आणि मग हळूच, "मावशी, पुस्तकात आहे तेच म्हणा."

मावशीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग कारखान्यात घालतात तशी कोरी करकरीत घडी घातली, उसवलेला कोपरा बरोबर आत जाईल अशी. दोन्ही हातांनी मेजपोश पुढे केला.

"व्हेरी ब्यूटिफुल, मॅडम. हँडमेड. मेरी ख्रिसमस."

कीर्ती मॅडम हसल्या. "मंगळवारपासून या," म्हणाल्या.

बाया मावशीला टाळ्या देऊन बस पकडायला पळाल्या. प्रज्ञा बाकावर बसली ती बसलीच. संडासासाठी साहेबाच्या नाकाला मिरच्या झोंबवणारी बाई ती. आणि आज एका खऱ्या माणसाला खोटं बोलायला तिनंच लावलं.

"काऊन वो, तोंड पाडून बसली? जागा तर भेटली."

"मी तुम्हाला भलतंच शिकवलं, मावशी."

"पोरी, मोठी आली शिकवणारी. घडी मी घातली, का तू?" मावशी तिच्याशेजारी टेकली. "डोळे माहे हायेत. या कामानं ते वाचले तर घरी भाकर तरी शेकीन. तू आपलं ते ब्यूटिफुल उरावर घेऊ नको." मग तिच्याकडे वळून, "पण एक सांग. माल घरी नेल्यावर गिऱ्हाइकाले दिसन ना ते उसवलेलं. परत घेऊन आलं तर काय बोलू?"

प्रज्ञानं पुस्तक उघडलं. धडा मेरी ख्रिसमसवर संपत होता. पुढच्या पानावर बागेत जाणारं कुटुंब होतं.

"याच्यात नाही."

"मंग तू सांग."

"पुढच्या रविवारी घेऊ. आज अंगात त्राण नाही."

"पुढच्या रविवारी मी दुकानात राहीन."

प्रज्ञा गुडघ्यावर हात टेकून उठली. मावशीनं पदर खोचला आणि टेबलामागे जाऊन उभी राहिली.

"तू गिऱ्हाईक हो," ती म्हणाली, "आणि भांड. साहेबाशी भांडतेस ना, तसं. मले घाम फुटला पाहिजे."