धुराचा तोटा

चौथीचा वर्ग चालू असताना शेजारची इनेस दारात येऊन उभी राहिली. "गुरुजी, घराक चला," एवढंच म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातला खडू खाली ठेवला... आक्का गेली होती. त्याला आज पाच आठवडे झाले.

आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गलबतासकट समुद्रात गेला आणि ती मालवणला माहेरी परतली. पुढे आई गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. परड्यातल्या माडांची चुडतं म्हणजे वाळक्या झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या यांवर तिची चूल चाले. पावसाळ्यात सरपण ओलं झालं की स्वयंपाकघरात समोरचं माणूस दिसत नसे. मी ओसरीवर शाळेसाठी इंधनांच्या फायद्या-तोट्यांचा पाठ तयार करी : लाकूड स्वस्त, हाताशी मिळणारं; दगडी कोळशाला आच जास्त, पण तो येणार लांबून; रॉकेल झटपट पेटणारं, पण दुकानावर अवलंबून. एकदा मी हे मोठ्यानं वाचत होतो, तर आतून खोकत तिनं विचारलं, "धुराचो तोटो लिवलंस मां रे?" मी हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

खोकला थांबेना तेव्हा तिला डॉक्टरांकडे नेलं. छाती तपासून त्यांनी विचारलं, "बाई, विडी ओढता का?"

"नाय, चूल ओढतंय," आक्का म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत.

त्याच आठवड्यात मी रॉकेलचा स्टोव्ह आणला. "भाताक वास येता," अशी कुरकुर करत का होईना, ती तो वापरते असं मला वाटत होतं. गेल्या पावसाळ्यात शाळा लवकर सुटली आणि मी दुपारीच घरी आलो, तर आक्का चुलीपुढे डोळे पुसत बसलेली. स्टोव्हची टाकी कोरडी. दुकानात मोजकंच मिळणारं रॉकेल ती सगळं माझ्या कंदिलात ओतत होती. मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "भात चुडतांवर शिजता. तुझ्यो वह्यो चुडतांच्या उजेडात तपासतलंस?"

मी त्या दिवसापासून कंदील लावणं सोडायला हवं होतं... सोडलं नाही.

इतके दिवस इनेसकडून डबा येत होता. काल प्रथमच मी चूल पेटवायला बसलो. कोनाड्यात आक्काची फुंकणी होती. तोंडाकडची पितळी कड झिजून कागदासारखी पातळ झालेली. दोनदा फुंकलं, तर धूर छातीत गेला आणि खोकत बाहेर यावं लागलं. चूल पेटली नाहीच. मग फुंकणी पुसून कोनाड्यात ठेवली, ती ठेवायची तशीच, तोंड भिंतीकडे करून.