विलायती चालीचं मधलं वळण

मंगल कार्यालयाच्या खोलीत, आहेराच्या साड्यांशेजारी मी आडवी होते. पाय थकलेत, जीभ तेवढी चालते. डोळा लागतो म्हणावं, तर अंगणात पुतण्या हिरामण पुन्हा तीच चाल क्लॅरनेटवर घोळवतोय आणि पुन्हा तिथंच अडतोय.

आमचं बँडवाल्यांचं घर. घरची मुलगी सासरी निघाली की वरातीची गाणी बंद. एकच विलायती चाल वाजते. ह्यांनी तरुणपणी देवळालीच्या क्लबात एका गोवेकर मास्तराकडून उचललेली, साहेब-मडमांनी कमरेत हात घालून नाचायची. माझ्या नणंदा, लेकी तिच्यावरच गेल्या. मधलं वळण एकट्या ह्यांनाच येई, आणि वर जाताना ते घेऊनच गेले. आज संध्याकाळी माझी नात कांचन निघेल. अर्ध्या चालीवर पोर बाहेर काढायची?

हिरामणचं क्लॅरनेट थांबतं, माझे डोळे मिटतात. दार होतं तिथं आता आमचं बँडचं दुकान आहे. हे लाल कोट घालून फुटक्या ढोलावर बसलेत, क्लॅरनेट पुसतायत.

"बटण तुटलंय," मी म्हणते. "वर कुणी लावून देत नाही वाटतं?"

"देतात. पण तुझ्यासारखं बोलत कुणी नाही. फार शांत आहे तिकडं, कंटाळा येतो."

"मेलात ते मेलात, वळण कशाला नेलंत?"

"शिकवत होतो की. हिरामण म्हणाला, काका, आता हे कोण ऐकतंय?"

पायाखालची फरशी गुळगुळीत होत जाते. क्लबातली नाचायची फरशी. खुर्च्या सगळ्या रिकाम्या. हे माझ्या कमरेत हात घालतात.

"अहो, लाज! कुणी बघेल."

"बघून काय करतील? मी तर मेलोय."

दोन पावलांत मला धाप लागते. "बँड, पोरं, भांडणं, सगळं माझ्या अंगावर टाकून गेलात. दमले हो मी."

"दिसतंय."

"त्या गाण्यात ते लोक म्हणतात तरी काय?"

"इंग्रजी मला कुठं येतंय? पण त्या वळणावर तो तिला म्हणत असणार, जरा थांब."

"मग थांबते ती?"

"वाजतंय तोवर थांबते."

हे क्लॅरनेट माझ्या तोंडाला लावतात. "खालचा ओठ दातांवर घे. फुंक."

"बायका कुठं..."

"फुंक म्हणतो ना."

फुंकते. जिना उतरताना माणसानं मागं वळून बघावं, तसा सूर वळतो.

"आजी, ऊठ की! निघायची वेळ झाली." कांचन समोर उभी, डोळे सुजलेले.

"जरा थांब," मी म्हणते आणि हिरामणला हाक मारते. "बस खाली. ऐक. मला दम नाही, पुन्हा पुन्हा म्हणणार नाही."

गुणगुणते. तो चुकतो, शिव्या खातो, परत धरतो. वळण निघतं. कांचन उंबऱ्यात उभी ती हलत नाही.

चाल संपल्यावर ती माझ्याकडे वळते. "आजी, ओठ कशानं सुजला गं?"

आरशात ओठ उलटून बघते. खालच्या ओठाला आतून दातांच्या खुणा, ताज्या, लालबुंद. माझी कवळी तर उशाशी वाटीत, पाण्यात पडलीय.